न दिसणारं अपंगत्व आणि राखीव पार्किंग: गोव्यात ही जागा हक्कानं कशी वापरावी

मे महिन्यातली दुपार. पणजीत एका मोठ्या दुकानासमोर मी गाडी राखीव जागेत लावली, सीटबेल्टच्या बटणावर अंगठा ठेवला, पण अंगठ्यात जोरच आला नाही. शेवटी दोन्ही हातांनी दाबून पट्टा सोडवला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ‘बाय, हो जागो अपंगांखातीर आसा.’ वॉचमन वयस्क होते, बोलणं सौम्य होतं. मी काच खाली केली आणि म्हटलं, ‘काका, म्हजें कार्ड आसा.’ त्यांनी कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि मान डोलावून बाजूला झाले. मागे स्कूटरवर बसलेल्या एक बाई मात्र मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, ‘दिसते तर चांगली धडधाकट!’

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. घरात आम्ही एमएस म्हणतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण शरीराची प्रतिकारशक्तीच कुरतडते, त्यामुळे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचता पोचता अडखळतो. माझ्याकडे काठी नाही, कुबडी नाही, चाकाची खुर्ची नाही. सकाळी फोंड्याहून निघताना मी बघणाऱ्याला चारचौघींसारखीच दिसते. पण उन्हात दोनशे पावलं चालले की पाय ओल्या गोणपाटासारखे जड होतात. अंगाचं तापमान थोडंसं वाढलं तरी उघड्या पडलेल्या नसांतून निरोप आणखी हळू जातो. १८९० मध्ये विल्हेल्म उथहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ अंधुक होते असं नोंदवलं; त्यामागे वाढलेलं तापमान आहे हे नंतर कळलं. गोव्याच्या उन्हाळ्यात मला ते रोज भोगावं लागतं.

असेच आजार असलेल्या कितीतरी जणांशी माझं बोलणं होतं. बरेचजण सरकारी दिव्यांग कार्ड पाकिटात असूनही राखीव जागेत गाडी लावत नाहीत. ‘लोक बघतात गं,’ एवढंच सांगतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना गाडीतून नेणाऱ्या घरच्यांसाठी.

आधी हे बघा: आजार कायद्याच्या यादीत आहे का

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत. या वाढीत न दिसणाऱ्या आजारांना मोठी जागा मिळाली. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, ऑटिझम, मानसिक आजार हे सगळे यादीत आहेत. यातले बरेच लोक रस्त्यानं चालताना कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

जवळची जागा प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी लागते, आणि ते कारण तुमचं तुम्हाला स्पष्ट असलं पाहिजे. हिमोफिलियात जास्त चालण्यानं गुडघ्याच्या सांध्यात रक्तस्राव होऊ शकतो आणि माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळतो. सिकल सेलवाल्याला ऊन, दमणूक आणि अंगातलं पाणी कमी होणं यांतून असह्य वेदनेचा झटका येऊ शकतो. पार्किन्सनमध्ये गोळीचा असर असेपर्यंत माणूस व्यवस्थित चालतो, असर उतरला की दाराच्या उंबऱ्यावर पाय जागीच खिळतात. ऑटिझम असलेलं मूल गाड्यांच्या हॉर्ननं बिथरून हात सोडवून पळालं, तर गाडी ते दार यांच्यातलं प्रत्येक पाऊल धोक्याचं ठरतं. तिथे मुलाच्या पायांत दोष असण्याची गरजच नाही.

हृदयविकार, फुप्फुसांचे जुने आजार, कर्करोगाचे उपचार यांची नावं मात्र यादीत नाहीत. या मंडळींना चालणं आमच्याइतकंच, कधी कधी आमच्याहूनही कठीण असतं. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

यूडीआयडी कार्ड काढा

इंग्लंडमध्ये ब्लू बॅज नावाचा खास पार्किंगचा बिल्ला असतो. ३० ऑगस्ट २०१९ पासून तो तिथे न दिसणाऱ्या अपंगत्वालाही खुला झाला. आपल्याकडे असा देशभर चालणारा पार्किंगचा वेगळा बिल्ला नाही. त्यामुळे दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, हाच आपला पुरावा. गाडीवर चिकटवलेलं खुर्चीचं चित्र हा पुरावा होत नाही. ते स्टिकर कुणीही विकत आणून लावू शकतो.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर भरायचा. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रंही याच पोर्टलवरून देणं सर्व राज्यांना बंधनकारक आहे. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. अर्जात इस्पितळ निवडावं लागतं. आपल्याकडे बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ ही मोठी सरकारी ठिकाणं. घराजवळचं निवडण्याचा मोह होतो. मी सांगेन की तुमच्या आजाराचा तज्ज्ञ जिथे असेल ते निवडा, नाहीतर एका इस्पितळातून दुसऱ्यात पाठवणी होते आणि त्या खेपेत अख्खा दिवस जातो. तपासणी कुठल्या वारी असते ते आधी विचारून घ्या. पोर्टलवर भरायला जमत नसेल तर कुणा एजंटाला पैसे देऊ नका. घरातला कॉलेजला जाणारा भाचा किंवा पुतणी अर्ध्या तासात अर्ज भरून देईल.

कार्डाचे तीन रंग असतात. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. कायद्यातल्या बहुतेक राखीव सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, म्हणून तो आकडा महत्त्वाचा.

वैद्यकीय बोर्डासमोर बसताना

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण न दिसणाऱ्या आजारवाल्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

आपल्या लोकांना डॉक्टरांसमोर ‘बरी आहे’ म्हणायची सवय असते. मीही पहिल्या खेपेला तेच केलं. सकाळची थंड वेळ, रात्रभराची विश्रांती, वर इस्त्री केलेली साडी. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं आणि मी टुणटुणीत चालून दाखवलं. टक्के कमी पडले. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती, मीच त्यांना माझा सगळ्यात चांगला तास दाखवला होता.

एमएस किंवा पार्किन्सनसारख्या आजारात नुसत्या नावावर टक्के मिळत नाहीत. त्या आजारापायी तुम्हाला काय करता येत नाही, हे तपासून ते ठरतात. म्हणून जाण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. रोज दोन ओळी पुरेत: किती अंतर चालल्यावर थांबावं लागलं, कुठे पडले, आंघोळीनंतर किती वेळ पडून राहावं लागलं, कुठलं काम दुसऱ्यानं केलं. माझ्या वहीत एका पानावर लिहिलं होतं, ‘म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळ्यांच्या ओळीपर्यंत गेले, परत येता आलं नाही, भावाला फोन.’ दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मग नेमके प्रश्न विचारले.

एमआरआयचा अहवाल, इस्पितळातून सोडतानाचे कागद, चालू औषधांची चिठ्ठी तारखेप्रमाणे लावून न्या. सोबत घरातलं कुणीतरी असू द्या, कारण तुम्ही जे लाजून गाळता ते आई किंवा नवरा सांगतो. उन्हानं त्रास वाढत असेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि एक शब्दही वाढवून सांगू नका. या कायद्याच्या ९१ व्या कलमानुसार प्रमाणित दिव्यांगांच्या सवलती फसवणुकीनं लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ते कलम आपल्याच जागा वाचवण्यासाठी आहे.

गाडीत काय ठेवायचं

मूळ कार्ड कायम अंगावर, पर्समध्ये किंवा खिशात. डिजिलॉकरमध्येही ठेवा, फोन विसरत नाही पण पर्स विसरते.

समोरच्या काचेमागे ठेवायला एक साधा पुठ्ठा करा. मी ए-फोर कागदाचा अर्धा भाग घेतला. वर खुर्चीचं चिन्ह, खाली मोठ्या अक्षरांत मराठी आणि इंग्रजीत ‘दिव्यांग कार्डधारक या गाडीत आहे’ आणि कार्डाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. बस्स. कार्डाची अख्खी झेरॉक्स काचेत लावू नका. तिच्यावर नाव, जन्मतारीख आणि आजाराचा प्रकार असतो, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचायचं काही कारण नाही. बाईमाणूस एकटी गाडी चालवत असेल तर हे विशेष पाळा. पुठ्ठा लॅमिनेट केला तरी दोन उन्हाळ्यांत रंग उडतो आणि पावसाळ्यात कडेनं पाणी शिरून बुरा धरतो. मी दर गणपतीआधी नवा करते.

हा पुठ्ठा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मी गाडीत नसेन तेव्हा तो डिकीत जातो. माझा भाऊ माझी गाडी घेऊन एकटा बाजारात गेला आणि पाऊस होता म्हणून त्यानं राखीव जागा वापरली, तर ती चोरी आहे. आमच्या घरात यावरून एकदा चांगलंच वाजलं, त्यानंतर पुन्हा झालं नाही. उलट, मी रिक्षानं किंवा मैत्रिणीच्या गाडीतून गेले तर पुठ्ठा माझ्या पिशवीतून येतो आणि ती जागा त्या दिवशी त्या गाडीला मिळते.

जागा ओळखायला शिका

जमिनीवरचं किंवा फलकावरचं खुर्चीचं चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं. जगभर तेच चालतं आणि त्यामुळेच लोकांचा समज झालाय की खुर्ची दिसली तरच जागा तुमची. चिन्हाचा अर्थ ‘अपंग व्यक्तीसाठी’ एवढाच आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ही जागा इमारतीच्या प्रवेशदारापासून ३० मीटरच्या आत असावी आणि रुंदी निदान ३.६ मीटर असावी. ३० मीटर म्हणजे माझ्या पावलांनी चाळीस-पंचेचाळीस. पुढच्या वेळी कुठे गेलात तर मोजा. राखीव फलक पार कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यामागे लावलेला दिसेल, तेव्हा तुमच्याकडे बोलायला आकडा असेल.

रुंदी का जास्त? खुर्ची वापरणाऱ्याला गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावावी लागते. त्यासाठी बाजूला तिरप्या पट्ट्या मारलेला भाग सोडलेला असतो. तिथे चाक टेकवायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. यातून माझा स्वतःचा एक नियम निघाला: दाराजवळ साधी जागा मोकळी असेल तर मी तीच घेते. मला जवळीक हवी असते, रुंदी नको असते. ज्याला रुंदीशिवाय गाडीतून उतरताच येत नाही, त्याच्यासाठी ती एकच जागा राहू दे. हा कायदा नाही, आमच्यातल्या आमच्यातली माणुसकी आहे.

गोव्यात आपण अर्धी कामं दुचाकीवर करतो. स्कूटर त्या रुंद जागेत उभी करू नका, एका गाडीची जागा वाया जाते. वॉचमनला कार्ड दाखवून स्कूटर दाराशेजारी भिंतीलगत लावू द्या म्हणून विचारा. मला आजवर एकदाच नकार मिळालाय.

निघण्याआधी पाच मिनिटं

नव्या ठिकाणी जायचं तर आधी फोन करा. ‘पार्किंग आहे का?’ असं विचारलंत तर ‘आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘दिव्यांगांसाठी राखीव जागा दारापासून किती अंतरावर आहे आणि वाटेत पायऱ्या किती?’ असं विचारा. सभागृहात नाटकाला जायचं असेल तर तिकीट काढतानाच विचारा, कारण पडदा उघडायच्या अर्ध्या तास आधी सगळ्या जागा भरलेल्या असतात.

देवस्थानांची गोष्ट वेगळी. मंगेशी किंवा म्हार्दोळला गाडी ठेवल्यावर फुलवाल्यांच्या ओळीतून चालत जावं लागतं. तिथे ३० मीटरचा हिशोब लागू पडत नाही. बरोबरच्या माणसानं तुम्हाला दारापाशी सोडून गाडी मागे नेणं हेच बरं, आणि तेही अभिषेकाची गर्दी नसलेल्या दिवशी. चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, बाजारात तर राखीव जागेवरही नारळांचे ढीग पडलेले असतात. त्या आठवड्यात मी जात नाही, यादी वहिनीकडे देते. सगळीकडे आपण पोचलंच पाहिजे असा हट्ट मी सोडलाय, असलेली ताकद कुठे खर्चायची ते मीच ठरवते.

उन्हाळ्यात आणखी एक. राखीव जागा बहुतेक वेळा दारासमोर उघड्यावर असते आणि बंद गाडी तासाभरात भट्टी होते. काचेला पडदा लावा, पाण्याची बाटली सोबत न्या आणि परत आल्यावर दोन्ही दारं उघडून मिनिटभर बाहेर सावलीत उभं राहा. एमएसवाल्यांनी तर नक्कीच.

आज बरं वाटतंय, मग जागा घ्यावी का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा असतो.

जाताना कसं वाटतंय यावर ठरवू नका, परत येताना कसं वाटेल यावर ठरवा. सकाळी दहाला बँकेत शिरताना मी ठणठणीत असते. तिथे रांग, पंखा लांब, तासभर उभं राहणं, आणि बाहेर पडते तेव्हा साडेअकराचं ऊन. तेव्हाचे पाय सकाळचे नसतात. पार्किन्सनवाल्यांनी घड्याळात गोळीची वेळ बघावी: काम गोळीच्या वेळेपलीकडे लांबण्याची शक्यता असेल तर जवळची जागा घ्यावी. काम पाच मिनिटांचं, हवा थंड, आदल्या दिवशी विश्रांती झालेली, अशा वेळी मी ती जागा सोडते. ज्यांच्याकडे कार्ड आहे पण चालायला किंवा सुरक्षिततेला त्यांच्या अपंगत्वाचा काही अडसर नाही, त्यांनीही सोडावी असं माझं मत. कार्ड हक्क देतं, गरज आपली आपण ओळखायची.

गाडी तुम्हीच चालवत असाल तर त्याहून आधीचा प्रश्न स्वतःला विचारा: आज ब्रेकवरचा पाय मला जाणवतोय का? नसेल जाणवत, तर त्या दिवशी पार्किंगचा विचारच नको, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या.

कुणी टोकलं तर

वॉचमननं विचारणं हे त्याचं काम आहे आणि तो विचारतो हे चांगलंच आहे. जिथे कुणी विचारत नाही तिथे त्या जागेत पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या सुखानं उभ्या असतात. हसून कार्ड दाखवा. एक वाक्य तयार ठेवा, मी ते घरात आरशासमोर म्हणून पाहिलं होतं: ‘माझ्याकडे सरकारी दिव्यांग कार्ड आहे, माझं अपंगत्व बाहेरून दिसत नाही.’ एवढंच. पुढे थांबा.

आजाराचं नाव सांगू नका. कुणी ‘पण झालंय काय तुम्हाला?’ असं विचारलं, तर ‘ते डॉक्टरांना माहीत आहे’ म्हणा. सुरुवातीला मी पार्किंगमध्ये उभी राहून अनोळखी लोकांना एमआरआयमधले ठिपके समजावत बसायची. ऐकणाऱ्याचं समाधान कधीच झालं नाही आणि मी तेवढ्यात उभी राहण्याची ताकद घालवून बसले. स्कूटरवरच्या त्या बाईंना मी काही बोलले नाही. कार्ड बघायचा अधिकार वॉचमनचा होता आणि त्यांनी ते पाहिलं होतं.

लंगडून दाखवू नका. हे लिहायला अवघड जातंय, पण आमच्यातले पुष्कळजण गाडीतून उतरताना चार पावलं मुद्दाम लंगडतात, फक्त लोकांच्या नजरेसाठी. मीही केलंय. एकदा ते सुरू झालं की माणूस घराबाहेर पडताना रोज तेच सोंग घेऊन निघतो.

टोकणं वाढून शिवीगाळ झाली तर गोष्ट बदलते. लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूनं जाणूनबुजून पाणउतारा करणं किंवा धमकावणं हा ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. वाद घालू नका. गाडीत बसा, दारं लॉक करा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि धमकी असेल तर ११२ ला फोन करा.

जागा दुसऱ्यानंच अडवली असेल तर

रोजचं दुखणं हेच. प्लेटवरचे काळ्यावर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची गाडी, आत कुणी नाही, इंडिकेटर लुकलुकतायत. किंवा दुकानवाल्यानंच पाण्याचे कॅन रचून ठेवलेत.

पहिल्यांदा गाडीच्या काचेत बघा, पुठ्ठा किंवा कार्डाची खूण आहे का. गाडीतून उतरलेला माणूस तुम्हाला धडधाकट वाटला म्हणून त्याच्यावर ओरडू नका. तोही तुमच्यासारखाच असू शकतो. आपणच हे विसरलो तर दुसऱ्यांकडून काय अपेक्षा ठेवायची?

खूण नसेल तर फोटो घ्या, एकाच चौकटीत नंबर प्लेट आणि राखीव जागेचा फलक दिसेल असा. चालकाशी थेट बोलू नका, व्यवस्थापकाला बोलवा. ‘तुमच्या इथल्या राखीव जागेत ही गाडी आहे, मी कार्डधारक आहे, गाडी हलवून द्या’ हे तिन्ही तुकडे एका दमात सांगा. कॅन किंवा साखळी असेल तर ती काढायला सांगा. वॉचमनला हाक मारल्यावर जी साखळी निघते ती मला मान्य आहे, पण वॉचमन जाग्यावर नसताना कुलूप असलेली साखळी म्हणजे जागा नसल्यासारखीच. सार्वजनिक रस्त्यावरची जागा असेल तर वाहतूक पोलिसांना कळवा.

हे वारंवार होत असेल तर लेखी तक्रार करा. तुम्ही सरकारी कार्यालयात नोकरीला असाल तर तिथे कर्मचाऱ्यांच्या अशा तक्रारींसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमणं २३ व्या कलमानं बंधनकारक आहे आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत तक्रारीची चौकशी व्हायला हवी. तुम्ही तिथले कर्मचारी नसाल, खाजगी जागा असेल, किंवा कार्यालयानं दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. आयुक्तांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली की त्यानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव जानेवारी २०२३ मध्ये पणजीत सुरू झाला, तेव्हापासून आपल्या राज्यात या विषयाकडे कान देणारे अधिकारी भेटतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना नीट कागद हवा असतो.

कागद कसा असावा? अर्ध्या पानाचा. तारीख, वेळ, जागेचं नाव, जागा दारापासून किती पावलांवर, काय अडथळा होता, कुणाशी बोललात, ते काय म्हणाले, फोटो किती जोडले. शेवटी एकच मागणी: ‘दारापासून ३० मीटरच्या आत फलकासह जागा आखून द्यावी आणि ती मोकळी राहील याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर सोपवावी.’ आपलं दुःख त्यात लिहू नका, ते वाचणाऱ्याला मागणी सापडत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, किमान नियम बंधनकारक करा असं केंद्राला बजावलंय. मोठ्या संस्थेला लिहिताना ही एक ओळ घातली की उत्तर लवकर येतं.

ऑफिस आणि सोसायटी

मी पणजीत पाटोवर काम करते. ऑफिसात जागा मागताना मी आजाराची कहाणी सांगितली नाही. कार्डाची प्रत जोडली आणि लिहिलं की सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा लिफ्टजवळची एक जागा हवी. महिन्यानं मिळाली. सोसायटीत मात्र सभेत सगळ्यांसमोर बोलावं लागलं आणि वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी आक्षेप घेतला. तेव्हा बोलण्यापेक्षा, अध्यक्षांना मी दुपारी दोन वाजता माझ्याबरोबर मागच्या पार्किंगपासून जिन्यापर्यंत चालायला बोलावलं. अर्ध्या वाटेत मी कठड्यावर बसले. पुढच्या सभेत त्यांनीच ठराव मांडला.

कार्ड नाही किंवा कमी टक्क्यांचं आहे, पण चालणं झेपत नाही

हृदयाचं ऑपरेशन झालेले काका, किमोथेरपी चालू असलेली मावशी, ३० टक्क्यांचं पांढरं कार्ड मिळालेला तरुण. तुम्ही परस्पर राखीव जागेत गाडी लावावी असं मी सांगणार नाही, कारण विचारणाऱ्याला दाखवायला तुमच्या हातात ४० टक्क्यांचं कार्ड नसतं आणि भांडण तुम्हालाच झेपणार नाही. पण मागायला मनाई नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, ‘यांना जास्त अंतर चालणं टाळायला सांगितलं आहे’ एवढीच. ती व्यवस्थापकाला दाखवा आणि दाराजवळची साधी जागा किंवा दारात उतरण्याची परवानगी मागा. इस्पितळात बहुतेक वेळा मिळते. आजारामुळे पाय, सांधे किंवा मज्जासंस्था कायमची अधू झाली असेल तर त्या कारणासाठी अर्ज करता येतो का, हे तज्ज्ञाला विचारा. पुष्कळांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कार्डावरची तारीख

काही प्रमाणपत्रं कायमची असतात, काही ठरावीक मुदतीची. आजार कमी-जास्त होणारा असेल तर मुदतीचं मिळण्याची शक्यता जास्त. कार्ड हातात पडलं की मुदत संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि खरी आठवण तिच्या चार महिने आधीची लावा. फेरतपासणीला पुन्हा कागद, पुन्हा वही, पुन्हा रांग असते. माझी तारीख पुढच्या ऑगस्टात आहे. भर पावसात बांबोळीला खेपा नकोत म्हणून मी मार्चमध्येच अर्ज टाकणार आहे, आणि वही परवापासून सुरू केलीय.